घरातील माणूस तुरुंगात गेल्यास: महाराष्ट्रातील बंद्यांचे हक्क आणि नातेवाइकांनी करावयाची कामे

घरातील एखाद्यास अटक झाली की पहिल्या दोन दिवसांत सल्ले भरपूर मिळतात आणि कामाचा कागद मात्र एकही हाती लागत नाही. हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे ज्यांनी पोलीस ठाण्याची किंवा कोर्टाची पायरी यापूर्वी कधी चढलेली नाही. तुरुंग हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय असल्यामुळे भेटीचे, रजेचे आणि शिक्षामाफीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून येथे महाराष्ट्रापुरतेच लिहिले आहे; माणूस गोव्यात किंवा कर्नाटकात अटकेत असेल तर अटक आणि जामिनाविषयीचा भाग तसाच लागू पडेल, तुरुंगाच्या आतील नियम मात्र तेथील पाहावे लागतील. कारागृहांचा मूळ कायदा १८९४ चा आहे आणि त्याच्या जागी राज्यांनी नवे कायदे करावेत यासाठी केंद्राने २०२३ मध्ये एक आदर्श मसुदा पुढे ठेवला. अटक, कोठडी आणि जामीन यांची प्रक्रिया १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार चालते, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील कलमांचे क्रमांक आता जुळणार नाहीत.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकावी. कायद्याने दिलेले बहुतेक हक्क कोणीतरी लेखी मागितल्याखेरीज हलत नाहीत, म्हणून घरातील एकाच व्यक्तीने एक वही आणि एक फाइल सांभाळावी, प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्यावी. चार नातेवाइकांनी चार ठिकाणी धावपळ करण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

पहिली पायरी: अटकेनंतरचे चोवीस तास

अटक कोणत्या कारणाने केली हे त्या व्यक्तीस सांगणे आणि तिने सुचविलेल्या नातेवाइकास किंवा मित्रास अटकेची माहिती देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. संहितेची कलमे ४७ आणि ४८ त्यासाठीच आहेत. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असे स्पष्ट केले की, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतील आणि ती लगेच देणे शक्य नसेल तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मंजूर करून घेण्यासाठी, न्यायाधीशांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. केवळ मराठी समजणाऱ्या माणसाला इंग्रजी कागदावर सही करायला लावली असेल, तर ही बाब वकिलास पहिल्याच भेटीत सांगावी.

प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील हक्क आहे. या काळात नातेवाइकांनी वहीत पाच गोष्टी टिपून घ्याव्यात: पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, लावलेली कलमे, तपास अधिकाऱ्याचे नाव आणि अटकेची नेमकी वेळ. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली जाते, तेव्हा ती तेथून उतरवून घ्यावी. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि तिच्या अहवालाची प्रत मागता येते. मारहाण झाली असेल तर ती पहिल्या हजेरीच्या वेळी आरोपीने स्वतः तोंडाने न्यायाधीशांना सांगणे फार महत्त्वाचे आहे. न्यायाधीश बहुधा 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का' असे विचारतात आणि घाबरलेला माणूस सवयीने 'नाही' म्हणून मोकळा होतो. ते 'नाही' कोर्टाच्या रोजनाम्यात उतरते आणि पुढे खोडून काढणे कठीण जाते.

चौकशी चालू असताना वकिलास भेटण्याचा हक्क संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, पण अधूनमधून भेटू शकतो.

दुसरी पायरी: पीसीआर आणि एमसीआर यांतील फरक ओळखणे

कोर्टाच्या आवारात हे दोन शब्द सतत कानावर पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. त्यात माणूस पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये राहतो. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. त्यात तो कारागृहात जातो. एमसीआर झाली की पोलिसांशी संबंध संपला, असे पूर्वी लोक मानत असत आणि बऱ्याच अंशी ते खरेही होते. नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे मात्र पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते, म्हणून कारागृहात गेलेल्या माणसाचा ताबा पोलीस पुन्हा मागू शकतात, ही शक्यता धरून चालावे. पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्यक्ष हजर करावेच लागते. न्यायालयीन कोठडी पुढे वाढविताना मात्र व्हिडिओवरून हजेरी चालते आणि हल्ली तीच अधिक होते. अशा वेळी कुटुंब कोर्टात ताटकळत बसते आणि माणूस कारागृहातील पडद्यासमोरूनच परत बॅरेकमध्ये जातो.

तिसरी पायरी: कारागृहात दाखल होताना

कोणत्या कारागृहात पाठविले आहे हे रिमांडच्या आदेशावर लिहिलेले असते. पुण्याच्या कोर्टांतून सामान्यतः येरवडा, मुंबई परिसरातून आर्थर रोड, तळोजा, ठाणे किंवा कल्याणचे आधारवाडी आणि महिलांसाठी भायखळा असा मार्ग असतो. गर्दी वाढली की एका कारागृहातून दुसऱ्याकडे हलविलेही जाते. दाखल होताना अंगझडती, छायाचित्र, वैद्यकीय तपासणी आणि जवळच्या वस्तूंची नोंद होते. घड्याळ, अंगठी, पाकीट या वस्तू नोंदवहीत लिहिल्या गेल्या की नाहीत, हे पहिल्याच मुलाखतीत विचारावे.

औषधांचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. मधुमेह, रक्तदाब, मिरगी किंवा मानसिक आजार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने अहवाल पहिल्या रिमांडच्या वेळीच कोर्टात देऊन 'कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी औषधोपचार सुरू ठेवावेत' असा आदेश मागावा. कारागृहाच्या फाटकावर नेलेल्या गोळ्यांची पिशवी परत पाठविली जाते, कोर्टाचा आदेश मात्र परत पाठविता येत नाही.

गुन्हा सिद्ध न झालेल्या, म्हणजे न्यायाधीन बंद्याला (लोक ज्यास 'कच्चा कैदी' म्हणतात) काही सवलती १८९४ पासूनच आहेत: तो स्वतःचे कपडे वापरू शकतो, तपासणीच्या अटीवर बाहेरून कपडे, अंथरूण आणि अन्न घेऊ शकतो, आणि त्याला सक्तीने कामास लावता येत नाही. घरच्या डब्यासाठी प्रत्यक्षात कोर्टाची परवानगी घ्यावी लागते आणि तीही बहुधा आजाराच्या कारणावरच मिळते. महिला बंद्यांना पुरुषांपासून आणि कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवण्याचा नियम आहे. मुंबईच्या लॉकअपमधील स्त्रियांच्या छळाची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा १९८३ मध्ये न्यायालयाने असे निर्देश दिले की स्त्रियांना स्वतंत्र लॉकअपमध्ये महिला पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवावे. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईसोबत कारागृहात राहू शकते आणि त्याच्या दुधाची, शिक्षणाची व लसीकरणाची जबाबदारी राज्याची आहे.

येथे एक बाब मुद्दाम सांगतो, कारण ती सहज राहून जाते. अटक झालेला मुलगा घटनेच्या दिवशी अठरा वर्षांपेक्षा लहान असेल आणि पोलिसांनी वय चुकीचे लिहिले असेल, तर तो दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो. त्यासाठी सर्वप्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी होते. त्या मुलाची जागा कारागृहात नाही, बालन्याय मंडळापुढे आहे, म्हणून तालुक्याच्या शाळेत जाऊन दाखला आणण्याचे काम दुसऱ्या कोणत्याही कामाआधी करावे.

चौथी पायरी: वकील

कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा लोकअभिरक्षक (आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) कार्यालयात साध्या कागदावर अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा; बंदी स्वतः कारागृहातील विधी साहाय्य केंद्रातूनही अर्ज देऊ शकतो. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील अशी समजूत घट्ट रुजलेली आहे. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. कोणाला कसा वकील मिळेल हे सांगता येत नाही, पण जमीन गहाण टाकून नेमलेला खासगी वकील तारखेला गैरहजर राहतो तेव्हा माणूस जितका असहाय होतो तितका येथे होत नाही, कारण येथे तक्रार ऐकून वकील बदलून देणारे कार्यालय असते.

खासगी वकील नेमल्यास वकीलपत्र कारागृहात जाते, बंद्याची सही होते आणि तुरुंगाधिकारी ती साक्षांकित करतात. यात काही दिवस जातात, तेव्हा जामीन अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नये. वकिलाची भेट अधिकाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात पण कानांच्या टप्प्याबाहेर व्हावी, असा संकेत आहे. शुल्काची पावती घ्यावी आणि खटल्याचा सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या संगणकातील ओळख क्रमांक) लिहून घ्यावा, म्हणजे ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख घरबसल्या पाहता येते.

पाचवी पायरी: मुलाखत, पत्र आणि पैसे

नातेवाइकांच्या भेटीला कारागृहात 'मुलाखत' म्हणतात. ज्यांना भेटायचे आहे त्यांची नावे बंद्याने आपल्या यादीत दिलेली असावीत आणि येणाऱ्याने आधार कार्डासारखे मूळ ओळखपत्र सोबत आणावे. ई-प्रिझन्स पोर्टलवरील 'ई-मुलाकात' या सोयीतून मोबाइल क्रमांकावर भेट नोंदवता येते, व्हिडिओवरूनही भेटता येते. वार आणि वेळा प्रत्येक कारागृहात निराळ्या असल्यामुळे गावाहून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. भेट बहुधा जाळी किंवा काच आणि फोन यांच्या आडूनच होते. मुलांच्या बाबतीत मात्र राज्याच्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम वेळोवेळी होतो. त्या दिवशी शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला आपल्या लहान मुलांना जाळीविना जवळ घेता येते. त्याची नावनोंदणी आतून होते, म्हणून मुलाखतीत आठवण करून द्यावी.

पैसे बंद्याच्या नावाने मनीऑर्डरने किंवा कारागृहाने ठरविलेल्या मार्गानेच पाठवावेत. त्यातून तो कॅन्टीनमधून साबण, तेल, बिस्किटे अशा वस्तू घेतो. आतल्या कोणाला 'सोय' करून देण्यासाठी बाहेर कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. पुढे हाच व्यवहार बंद्याच्या विरोधात उभा राहतो.

पत्रे तपासली जातात, हे लिहिताना ध्यानात असावे. तथापि तुरुंगात लिहिण्याचा हक्क फार जुना आहे आणि तो महाराष्ट्रातच मिळविलेला आहे. १९६० च्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणुविज्ञानावर एक मराठी पुस्तक लिहिले आणि सरकारने त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये निर्णय असा झाला की स्थानबद्धतेच्या अटींत जी बंधने लिहिलेली नाहीत ती सरकारला लादता येणार नाहीत. एखादा शिपाई 'येथे असे चालत नाही' म्हणाला, तर तसे कोणत्या नियमात आहे हे नम्रपणे विचारण्यास इतका आधार पुरेसा आहे.

सहावी पायरी: जामीन आणि दिवसांची मोजणी

येथे वहीचा खरा उपयोग होतो. तपास पूर्ण करून दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल करण्यासाठी पोलिसांना साधारणतः साठ दिवस मिळतात; गुन्ह्यास मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षा असेल तर नव्वद दिवस. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा), यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) यांसारख्या विशेष कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क बनतो, मग गुन्हा कितीही गंभीर असो. मोजणीत रिमांडचा पहिला दिवस धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरविले. समजा पहिली रिमांड १० जानेवारीस झाली आणि वर्ष लीप नाही, तर साठावा दिवस १० मार्च येतो. त्या दिवसअखेर दोषारोपपत्र नसेल तर ११ मार्चला कोर्ट उघडताच अर्ज दाखल झाला पाहिजे. अर्ज न करता वाट पाहिली आणि दुपारी दोषारोपपत्र आले, तर हक्क गेला. हा अर्ज आदल्या रात्रीच तयार ठेवावा.

दुसरी मोजणी संहितेच्या कलम ४७९ ची. खटला रेंगाळला आणि बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडावे, असे हे कलम सांगते. ज्यास पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही त्याच्यासाठी एक तृतीयांश काळ पुरतो. राहत्या घरातील चोरीला कमाल सात वर्षे शिक्षा आहे, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्यासाठी दोन वर्षे चार महिने आणि इतरांसाठी साडेतीन वर्षे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असतील तरीही अडचण येते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही याचा लाभ मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मुदत भरताच कोर्टाला लेखी कळविण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकलेली आहे. तरीही नातेवाइकांनी तारीख स्वतः काढून अधीक्षकांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज द्यावा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंद्यांची पुनरावलोकन समिती अशीच प्रकरणे पाहते, तेव्हा तिच्यापुढे नाव ठेवण्याची विनंतीही त्याच अर्जात करावी.

जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांत बरेच अंतर असते. जामीनदाराचे रेशन कार्ड, आधार, सातबारा उतारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असल्यास पगारपत्रक आणि ओळखपत्र, तसेच मागितल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला ही कागदपत्रे जामीन अर्जाच्या सुनावणीआधीच गोळा करावीत. जामीनदार लगेच उभा राहत नसेल तर काही आठवड्यांसाठी रोख जामिनाची सवलत मागता येते. कोर्टाच्या बाहेर पैसे घेऊन उभे राहणारे व्यावसायिक जामीनदार टाळावेत. कागद खोटे निघाल्यास जामीन रद्द होतो आणि नवा गुन्हाही दाखल होतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जावी लागते, सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणास कळवावे लागते, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतः अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. 'अट झेपत नाही' असा अर्ज करण्यात कमीपणा मानू नये. गरीब बंद्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या योजनेत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए यांखालील प्रकरणे तिच्यातून वगळली आहेत.

सातवी पायरी: तक्रार करावी लागल्यास

मारहाण, उपचारांत हयगय, पैशांची मागणी किंवा भेदभाव यांविषयीची तक्रार प्रथम अधीक्षकांकडे लेखी द्यावी आणि तिची प्रत जिल्हा न्यायाधीशांना, विधी सेवा प्राधिकरणाला आणि पुण्यातील कारागृह मुख्यालयाला पाठवावी. न्यायाधीश व अभ्यागत मंडळाचे सदस्य कारागृहास भेट देतात, तेव्हा बंदी त्यांच्याशी बोलू शकतो. बंद्याने लिहिलेले साधे पत्रही याचिका म्हणून स्वीकारता येते; दिल्लीच्या तिहार कारागृहातील एका बंद्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये तसे केले. राज्य मानवी हक्क आयोगाचा मार्गही खुला आहे. मुंबई, ठाणे यांसारख्या कारागृहांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे कार्यकर्ते काम करतात. कुटुंबाची आणि मुलांची आबाळ होत असेल तर त्यांच्याशी बोलून पाहावे.

जात पाहून झाडूकाम किंवा स्वयंपाक वाटून देणे, जातीनुसार बॅरेक ठरविणे हे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविले; मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरील हा निकाल आहे. त्याच निकालाने विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मावरून 'सराईत गुन्हेगार' समजण्यास मनाई केली. पारधी किंवा कैकाडी कुटुंबांनी या निकालाची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.

आठवी पायरी: शिक्षा झाली तर

निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळणे आणि अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळणे हे हक्क १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने पक्के केले. त्या प्रकरणात प्रत वेळेवर न मिळाल्याने अपिलाला वर्षे लोटली होती. सत्र न्यायालयाकडे अपील तीस दिवसांत आणि उच्च न्यायालयाकडे साठ दिवसांत करावे लागते, आणि बंदी ते कारागृहामार्फतही पाठवू शकतो. खटल्याच्या काळात आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तेव्हा वजावटीचा आकडा बरोबर धरला आहे का ते वहीतील तारखांशी ताडून पाहावे.

महाराष्ट्रात रजेचे दोन प्रकार आहेत. फर्लो, म्हणजे संचित रजा, ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर विशेष कारण न दाखवताही मागता येते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा, कारणासाठी असते: जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, लग्न, गंभीर आजार, पत्नीचे बाळंतपण, पूर किंवा आगीने झालेले घराचे नुकसान. ते दिवस शिक्षेत मोजले जात नाहीत. दोन्हींत स्थानिक पोलिसांचा अहवाल आणि जामीनदार लागतो. अर्ज फेटाळला तर कारणांची प्रत मागून उच्च न्यायालयात जाता येते. फर्लो हा निरपवाद हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे, त्यामुळे मागील रजेवरून वेळेवर परतल्याची नोंद हाच पुढील अर्जाचा सर्वांत मोठा आधार असतो. उशिरा परतल्यास शिक्षामाफीचे दिवस कापले जातात आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

नववी पायरी: सुटकेचा दिवस

सुटकेचा आदेश कारागृहात ठरलेल्या वेळेपर्यंत पोहोचला तरच त्या दिवशी सुटका होते. आर्थर रोडच्या दाराबाहेर असे आदेश टाकण्यासाठी जामिनाची पेटी आहे. संध्याकाळची शेवटची वेळ टळली की आणखी एक रात्र आत जाते. आदेशावरील नाव, वडिलांचे नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमे यांतील एका अक्षराची चूकही सुटका अडवते, म्हणून कोर्टातच लिपिकासमोर ते वाचून घ्यावे, आणि दुसऱ्या एखाद्या प्रकरणात प्रॉडक्शन वॉरंट (बंद्याला कारागृहातून त्या कोर्टात हजर करण्याचा आदेश) निघालेले नाही ना याचीही खात्री करावी. बाहेर पडताना जमा केलेल्या वस्तू, खात्यावर उरलेले पैसे, कामाची मजुरी आणि आत काढलेल्या काळाचा दाखला मागून घ्यावा. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर पहिली हजेरी कोणत्या वारी आहे ते त्याच संध्याकाळी आदेशात पाहून वहीत लिहावे, आणि प्रत्येक हजेरीला तेथील नोंदवहीतील आपल्या सहीचा अनुक्रमांक टिपून आणावा.